पिवळ्या रेषेबाहेरचे कोंब

बांबू मी रागाच्या भरात लावला. चिंचवडला आम्ही हे रो-हाउस घेतलं तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट होता आणि तिथे बाग होणार, असं एजंटाने छातीठोकपणे सांगितलं होतं. बाग कसली डोंबलाची! वर्षाच्या आत पत्र्याची शेड उभी राहिली आणि सकाळी नऊच्या ठोक्याला ग्राइंडर सुरू. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघावं तर ठिणग्या, आणि ठिणग्यांच्या मागे आमच्याच खिडकीकडे तोंड करून चहा पिणारी माणसं. मी दोनदा जाऊन भांडले. दोन्ही वेळा शेडवाला म्हणाला, "ताई, बसा ना, चहा घ्या." चहा देणाऱ्या माणसाशी किती वेळ भांडणार? तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर परस्पर आळंदी रोडच्या नर्सरीत गेले आणि विचारलं, "सगळ्यात लवकर उंच होणारं काय आहे तुमच्याकडे?"

नर्सरी चालवणाऱ्या मावशी तिकडच्याच जुन्या गावकरी घरातल्या. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत गोदामं झाली, ह्यांचं तेवढं हिरवं राहिलंय. त्यांनी मला पिवळ्या बांबूची तीन रोपं दिली. पिवळीधमक कांडी आणि त्यावर कुणी ब्रशने ओढल्यासारख्या हिरव्या रेघा. "दोन वर्सं काय बी दिसायचं न्हाई," मावशी म्हणाल्या, "मंग बगा." तसंच झालं. तिसऱ्या पावसाळ्यात शेड गेली, ठिणग्या गेल्या, ती चहा पिणारी माणसं गेली. तीन रोपांचं एक बेट झालं. भाज्या धुतलेलं पाणी त्यालाच, पडलेला पाला त्याच्याच बुडाशी, थंडीत दोन-चार म्हाताऱ्या काठ्या काढायच्या, एवढीच काय ती सेवा. मी गणिताची बाई, दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसलेला असायचा. घरी येऊन मागच्या दारात चहाचा कप घेऊन बसलं की बांबूच्या पानांची सळसळ चालू असायची आणि ग्राइंडरसुद्धा लांबचा वाटायचा. मला त्या बांबूचं फार वेड होतं. उगाच नाही म्हणत.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे महाळुंगेच्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटीला होते. पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं. चार वर्षांपूर्वी त्यांची लाइन बंद झाली. पंचावन्नच्या पुढच्या लोकांना अगदी गोड बोलून घरी पाठवलं. ह्यांना एक शाल मिळाली, एक घड्याळ मिळालं आणि दुसऱ्या दिवसापासून कुठेही जायचं नव्हतं.

पण हे तयार व्हायचे. सकाळी सहाला उठून दाढी, आंघोळ, इस्त्रीचा शर्ट. मग बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत बसायचे. पेपर नाही, टीव्ही नाही, मोबाइल नाही. मी शाळेत जाताना बसलेले आणि साडेपाचला आले की तिथेच. एकदा झाकून ठेवलेलं ताट तसंच्या तसं होतं. मी म्हटलं, "अहो, जेवला का नाहीत?" तर म्हणाले, "वेळ झाली होती का?"  मी तोंडाने फटकळ बाई. वर्गात मी आत आले की पोरं चिडीचूप होतात. पण त्या दिवशी मी ताट गरम करून समोर ठेवलं आणि शेवटच्या घासापर्यंत तिथे बसले. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, गावी जाऊन येणं झालं. हे परत येऊन त्याच खुर्चीत. शेवटी एका रविवारी मी खोटंच म्हटलं, "अहो, त्या बांबूकडे जरा लक्ष घाला ना. माझ्याच्याने होईना झालंय."

आणि हे उठले! देवाशपथ सांगते, उठून मागच्या दारी गेले ते दोन तासांनी आत आले. कागद मागितला. दुसऱ्या दिवशी टेप आणला. आठवड्याभरात प्रत्येक काठीला तारेने ॲल्युमिनियमची चकती बांधलेली होती, एक ते एकेचाळीस नंबर. वही घातली. तिच्यात काठीचा नंबर, उंची, जाडी आणि "शेरा". मी हसून हसून बेजार. वाकडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलीला फोन करून सांगितलं, "तुझ्या बाबांनी बांबूला हजेरीपट घातलाय." ती पण हसली, आणि मग आम्ही दोघी एकदम रडायलाच लागलो.

घरात माणूस परत आला होता, दुसरं काय! भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. आमटीत मीठ कमी आहे म्हणून माझ्याशी भांडले तेव्हा तर मला ह्यांची दृष्ट काढावीशी वाटली. हळूहळू मागच्या अंगणाचं पार कंपनीचं शॉप-फ्लोअर झालं. रोज सकाळी बेटाखालचा सगळा पाला झाडून पोत्यात. मी म्हटलं, "अहो, तो राहू द्या की खाली, त्याचंच खत होतं." तर म्हणाले, "कचरा तो कचरा. जागेवर नसलेली वस्तू म्हणजे कचरा." बरं बाबा, म्हटलं, तुमचं राज्य.

मग रेषा आली. कंपनीत जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले असतात. इथे ट्रॉली, इथे मशीन, इथून चालायचं. पट्ट्याबाहेर काही दिसलं की ते उचलायचंच, त्यात विचार करायचा नसतो. ह्यांनी बेटाभोवती एका मापाने विटा गाडल्या आणि त्यांना तसाच पिवळा ऑइलपेंट दिला. दोन हात दिले. संध्याकाळी मला हाताला धरून दाखवायला नेलं. "आता कसं," म्हणाले, "बघताक्षणी कळतं." पेंटचा ठिपका नाकावर होता. मी पदराने पुसला.

त्या वर्षी जुलैमध्ये कोंब आले. जाडजूड, टोकदार, तपकिरी सालीत गुंडाळलेले, आणि बहुतेक सगळे विटांच्या बाहेर किंवा अगदी विटांना खेटून. ह्यांनी एकेक कोंब मुळातून कापला, बादलीत टाकला आणि वहीत लिहिलं, "रेषेबाहेर, ७ नग." रात्री मुलीला फोनवर आकडा सांगितला. आवाजात काय रुबाब! मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. इतके कोंब येतात, काही गेले तर गेले. दुसऱ्या पावसाळ्यातही तेच. तिसऱ्या पावसाळ्यात कोंब आले ते बोटाएवढे, चारच. तेही गेले.

त्यानंतरच्या थंडीत एकदा मी भांडी विसळत होते आणि खिडकीतून ठिणगी दिसली. मी नळ बंद करून बघत राहिले. बेटाच्या मधून शेडचा पत्रा दिसत होता. काठ्यांचा पिवळा रंग उतरून राखाडी झाला होता, वरचा पाला विरळ. इतके दिवस मी रोज बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. मी ह्यांनाच बघत होते, बांबूला कुठे?

फोनवर फोटो काढून मी नर्सरीत गेले. मावशींनी फोटो मोठा करून बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ह्याचं कोंब कुटं हायती?"

"कापले."

"कुनी?"

"आमच्या ह्यांनी. बाहेर येत होते म्हणून."

मावशींनी कपाळाला हात लावला. "आवं बाई, बांबूचं पोर बाहीरच्या अंगालाच व्हतंय. आत त्याला जागा कुटं हाय? जुनी काठी आज न्हाई उद्या वाळनारच. नवी ठिवलीच न्हाई तर बेट बसतंय. आन् पाला बी दिसत न्हाई खाली. सांगा त्यास्नी. अजून एक पावसाळा हातात हाय, एवढ्या टायमाला येतील ते कोंब ऱ्हाऊ द्या. मंग मातूर माज्याकडं येऊ नका."

घरी येताना स्कूटरवर मी वाक्य घोकत होते. अहो, चूक झाली, काही हरकत नाही, यंदा कोंब ठेवू. किती सोपं वाक्य! दारात गाडी लावली तर हे मागच्या अंगणात बनियनवर उभे, हातात वही. मला बघून म्हणाले, "अगं, आलीस? शेजारचे आले होते. म्हणाले, अंगण असावं तर असं. आमच्या बागेचं पण करून द्याल का, विचारत होते." चेहरा असा उजळलेला की मी चप्पलसुद्धा न काढता उभी राहिले. सांगितलं तर काय होईल ते मला समोर दिसत होतं. वही कपाटात जाईल. इस्त्रीचा शर्ट घालून हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत बसेल, आणि ह्या वेळी उठवायला माझ्याकडे दुसरा बांबू नाही. मी म्हटलं, "छान. चहा टाकते."

मग मी चोरटेपणा सुरू केला. माझ्यासारख्या बाईने! रात्री हे झोपले की विटा उकरून मी चार बोटं बाहेर सरकवायचे. दुसऱ्या दिवशी टेप लावून हे त्या परत जागेवर आणायचे. "मांजर असेल," म्हणायचे. विटा सरकवणारं मांजर! पण ह्यांना माझा संशय कधी आलाच नाही. पोत्यातला पाला मी गुपचूप बुडाशी टाकायचे, सकाळी तो परत पोत्यात. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, सांगून टाक ना सरळ. बाबा काय लहान आहेत का?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तू अकराव्या मजल्यावरून सल्ले देऊ नकोस," मी म्हटलं, "ती खुर्ची मी बघितलीय रोज." फोन आपटला. नंतर वाईट वाटलं, पण परत फोन केला नाही, कारण केला असता तर ती तेच म्हणाली असती.

चौथा पावसाळा, म्हणजे मागच्या वर्षीचा. मावशींनी सांगितलेला शेवटचा. कोंब आले तीन. त्यातले दोन ह्यांना पहिल्याच दिवशी दिसले आणि कापले गेले. तिसरा कोपऱ्यात, भिंतीच्या कडेला होता. मी त्याच्यावर मातीची मोठी कुंडी उपडी घातली. चार दिवस देवाला हात जोडले. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर कोंबाने कुंडी एका बाजूने उचललेली! मला हसू पण आलं आणि धडकी पण भरली. एवढा जीव धरून होतं ते बेट.

त्याच दिवशी ह्यांना कुंडी दिसली. "ही इथे कुणी ठेवली?" म्हणत उचलली. खाली कोंब, दाबून राहिल्यामुळे पांढरट, वाकडा. हे करवत आणायला आत गेले. मी दारात चहाचे दोन कप घेऊन उभी. करवत घेऊन माझ्या बाजूने गेले, खाली बसले. एकच शब्द हवा होता, "थांबा." तीस मुलांचा वर्ग एका शब्दात गप्प करणारी बाई मी. मी हातातले कप सांभाळत राहिले. करवतीचे पाच-सहा आवाज झाले, संपलं. हे हात झटकत आले आणि म्हणाले, "चहा गार झाला असेल." मी म्हटलं, "परत करते." आत जाऊन गॅसपाशी मी इतकी रडले की दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

दिवाळीनंतर बेट झपाट्याने वाळलं. जानेवारीत एकही हिरवं पान नव्हतं. शेड अख्खी दिसायला लागली, आणि ती चहा पिणारी माणसंही. हे हवालदिल झाले. भिंग घेऊन काठ्या तपासल्या, कीड सापडेना. माती खणून बघितली. पाणी बदललं. "पार्ट उगाच फेल होत नाही," म्हणायचे, "कारण असतंच." आणि मग एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून बसले.

ती कंपनीची रीत. काही बिघडलं की "का?" विचारायचं, उत्तर लिहायचं, त्या उत्तराला परत "का?" असं पाच वेळा. पाचव्याला खरं कारण हाती लागतं, असं हे मला लग्नानंतर कितीदा तरी कौतुकाने सांगत आलेत. त्यात एकच नियम. माणसाचं नाव लिहून थांबायचं नाही. माणूस चुकतो, पण तो का चुकला ते शोधायचं. मी समोर तोंडली चिरत बसले होते आणि कागदावरची अक्षरं मला उलटी दिसत होती.

बेट का वाळलं? जुन्या काठ्या मेल्या, नव्या झाल्या नाहीत. नव्या का झाल्या नाहीत? इथे हे थांबले. वही आणली. पानं मागे मागे उलटत गेले. मग लिहिलं, कोंब आले होते, कापले. का कापले? रेषेबाहेर होते. रेषा तिथे का? ह्याच्यावर पेन बराच वेळ टेकलेलं राहिलं. मग ह्यांनी मोबाइल उचलला आणि म्हणाले, "त्या नर्सरीवाल्या बाईंचा नंबर तुझ्याकडे असेल ना?"

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. पण मी नंबर सांगितला. एकेक आकडा सावकाश सांगितला.

फोन स्पीकरवर होता. मावशींनी सगळं समजावलं, कोंब बाहेरच येतो, जुनी काठी किती वर्षं टिकते, सगळं. हे "बरं, बरं" करत लिहून घेत होते. शेवटी मावशी म्हणाल्या, "पर साहेब, म्या ताईंस्नी सांगितलं व्हतं की मागल्या थंडीत. बोलल्या न्हाईत व्हय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मावशींचे आभार मानले, फोन ठेवला. चौथं उत्तर लिहिलं, बांबू कसा वाढतो ते माहीत नव्हतं. मग पाचवं. का माहीत नव्हतं? ज्याला माहीत होतं त्याने सांगितलं नाही. माझं नाव लिहिलं नाही. नियमच होता तसा.

"वर्ष झालं?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"कुंडी तूच ठेवलेली."

"हो."

"विटा?"

मी मान हलवली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द ओरडले असते, भांडण झालं असतं, दोन दिवसांनी मिटलं असतं. पण आवाज अगदी साधा होता.

"माझ्या लाइनवर पोरं येऊन सांगायची, साहेब, माझ्या हातून शंभर पार्ट खराब गेले. मी कधी कुणाला घालून पाडून बोललो नाही. तुलाही माहितेय." वही बंद केली. "तू सांगितल्यावर मी काय केलं असतं, असं वाटलं तुला?"

खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. तुम्ही मोडून पडला असता. वर्षभर मी हेच धरून चालले होते आणि एकदाही विचारून बघितलं नव्हतं. पण हे तोंडाने कसं म्हणायचं? म्हटलं असतं तर बांबूपेक्षा मोठं काहीतरी कापलं गेलं असतं. आणि न म्हणताही ह्यांना ते कळलेलंच होतं. माझ्याकडे बघत होते ते नजर हटवत नव्हते, आणि त्या नजरेत राग नव्हता. घरच्यांनी लपवलेला आपला आजार पेशंटला तिऱ्हाइताच्या तोंडून कळावा, तसे बघत होते.

कागदाच्या शेवटी एक रकाना होता, "उपाय". तो रिकामा होता. ह्यांनी कागद फिरवून माझ्यासमोर सरळ केला आणि वर पेन ठेवलं.

"हे मला नाही भरता येणार," म्हणाले. "तू लिही."

मी सुरी खाली ठेवली, हात पुसले, पेन घेतलं. हे समोर बसून वाट बघत होते, घाई न करता, खरंच काहीतरी उत्तर येईल अशा विश्वासाने. पोरांची हजारो गणितं सोडवली मी आजवर. पोरांना सांगते तसं आधी वर तारीख घातली, आणि पेन त्या रकान्यावर टेकवलं.